भुंगा, गांधील आणि मोहोळ : मावळातील नांगीच्या कीटकांची ओळख

वैशाखात कौलांची शाकारणी सुरू झाली म्हणजे मावळातील जुन्या घरांच्या माळ्यावर एक प्रसंग वारंवार घडतो. कौले उतरविणाऱ्या माणसाच्या कानाशी एकाएकी मोठा घूंकार होतो आणि अंगठ्याच्या पेराएवढा काळाकुळीत कीटक त्याच्या तोंडासमोर येऊन हवेत स्थिर उभा राहतो. ‘गांधील, गांधील’ अशी हाकाटी होते. कोणी काठीला चिंध्यांचा बोळा बांधून तो पेटवितो आणि वाशाला लावतो. कोणी पिकावर फवारावयाचे विषारी औषध वाशाच्या भोकात ओततो. या धांदलीत माणूस शिडीवरून पडण्याचा व वाळलेल्या लाकडाला आग लागण्याचा धोका असतोच. आणि एवढा खटाटोप करून जो मारला जातो तो कीटक गांधील नसतो. तो भुंगा असतो. शिवाय तोंडासमोर येऊन उभा राहणारा बहुधा नर असल्यामुळे त्याला नांगीदेखील नसते.

याच्या उलट प्रकारही पाहावयास मिळतो. पावसाळा संपून रान फुलावर आले म्हणजे सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळे लागतात. ‘मधमाशीच ती, ती काय करणार’ अशा समजुतीने गुराखी पोरे त्यांवर दगड भिरकावितात, किंवा कोणी सहलीसाठी आलेला माणूस कड्याखाली चूल पेटवितो. नंतर काय होते ते कार्ले, भाजे, लोहगड, राजमाची या बाजूच्या लोकांना सांगावयास नको.

पहिल्या चुकीत उपयोगी व निरुपद्रवी कीटकाचा नाश होतो; दुसऱ्या चुकीत माणसाच्या जिवावर बेतते. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. गुणगुणणाऱ्या आणि नांगी असणाऱ्या सर्व कीटकांना एकाच मापाने मोजण्याची सवय लोकांना जडली आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे कीटक स्वतः नीट ओळखावयास शिकावे आणि शेतकऱ्यांना ते प्रत्यक्ष दाखवावे, यासाठी पुढील माहिती दिली आहे.

नावांचा घोटाळा

या विषयात पहिली अडचण भाषेचीच आहे. ‘भुंगा’ हा शब्द मराठीत किमान दोन निराळ्या प्राण्यांना लावला जातो. शेतीच्या बोलीत नारळाचा गेंड्या भुंगा, धान्यातील सोंड्या भुंगा, हुमणीचे भुंगेरे ही नावे रूढ आहेत. हे सारे कठीण पाठीचे कीटक होत. त्यांच्या पुढील पंखांचे ढालीसारखे कवच झालेले असते, त्यांना नांगी नसते आणि त्यांपैकी अनेक पिकांचे शत्रू आहेत. पहिल्या पावसानंतर रात्री बाभळीवरील व कडुलिंबावरील हुमणीचे भुंगेरे गोळा करून मारण्याचा सल्ला शेतकऱ्यांना दरवर्षी दिला जातो, आणि तो योग्यच आहे.

परंतु वाशात भोक पाडणारा, फुलावर घोंगावणारा जो भुंगा, तो या कुळातील मुळीच नाही. तो मधमाशीचा जवळचा नातलग आहे. त्याचे चारही पंख पातळ व पारदर्शक किंवा निळसर झाक असलेले असतात. पाठीवर कवच नसते. जुन्या काव्यातला भ्रमर तो हाच. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात कोरडे लाकूड भेदणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो असा दृष्टान्त आला आहे. लाकूड कोरणारा आणि फुलावर बसणारा हा एकच प्राणी आहे, ही गोष्ट सातशे वर्षांपूर्वीच्या श्रोत्यांना ठाऊक होती असे यावरून दिसते. ‘भुंगे मारा’ असे सांगताना कोणता भुंगा हे कार्यकर्त्याने स्पष्ट केले नाही, तर शत्रूबरोबर मित्रही मारला जातो.

दुसरा घोटाळा इंग्रजी पुस्तकांमुळे होतो. त्यांतील ‘बंबलबी’ या माशीचे चित्र पाहून मुले व पुष्कळदा शिक्षकही आपला भुंगा तो हाच असे समजतात. बंबलबी ही थंड हवेच्या प्रदेशातील, अंगभर दाट लोकरीसारखे केस असलेली गोंडस माशी आहे. जगात तिच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत. भारतात ती हिमालयाच्या पट्ट्यात, म्हणजे काश्मीर, हिमाचल, सिक्कीम अशा भागांत आढळते. महाराष्ट्राच्या रानात ती नाही. छातीचे स्नायू थरथरवून ती आपले शरीर तापवू शकते, म्हणून इतर माश्या गारठून बसतात अशा थंडीतही ती फुलांवर जाते. तिचे महत्त्व ओळखून इंग्लंडमधून ती 1885 साली मुद्दाम न्यूझीलंडला नेण्यात आली, कारण तेथे तांबड्या क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाला बी धरत नव्हते. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून युरोपातील हरितगृहांत टोमॅटोच्या फळधारणेसाठी तिची घरटी विकत मिळू लागली. मावळात जे काम करावयाला बंबलबी नाही, ते काम येथील भुंगा करतो. म्हणून दोघांची गल्लत अगदीच अकारण झाली आहे असे नाही. पण बंबलबी राणी व कामकरी माश्यांचे लहानसे कुटुंब करून जमिनीतील बिळात किंवा गवतात राहते, तर भुंग्याची मादी बहुधा एकटीच लाकडात घर करते. पाठ पाहिली तरी फरक कळतो. बंबलबीचे पोट केसाळ असते. भुंग्याचे पोट तुळतुळीत काळे चकाकते.

भुंग्याचे घर व संसार

भुंग्याच्या अनेक जाती आहेत. सर्वांत मोठी जात सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीची, पूर्ण काळी व पंखांवर निळा-हिरवा झगझगीत रंग असलेली असते. जगातील सर्वांत मोठ्या माश्यांत तिची गणना होते. दुसऱ्या काही जातींत मादीची छाती पिवळ्या केसांनी झाकलेली असते व पोट काळे असते, तर नर सर्वांगी पिवळट सोनेरी असतो. एकाच वाशाभोवती काळे-पिवळे व नुसते पिवळे असे दोन प्रकारचे कीटक दिसले म्हणजे लोकांना त्या दोन जाती वाटतात. पुष्कळदा ते एकाच जातीचे मादी व नर असतात.

मादी वाळलेल्या, न रंगविलेल्या लाकडात किंवा बांबूत करंगळी जाईल एवढे गोल भोक पाडते आणि आत जाऊन लाकडाच्या रेषेने बोगदा कोरते. खाली भुसा पडलेला दिसला की वर भुंगा आहे असे समजावे. ती लाकूड खात नाही. वाळवी किंवा लाकूड पोखरणारी अळी यांच्याशी तिची तुलना करणे चुकीचे होय. बोगद्याच्या टोकाशी पराग व मध कालवून केलेला गोळा ठेवून त्यावर ती एक अंडे घालते, भुशाची भिंत घालून कप्पा बंद करते, मग पुढचा गोळा, पुढचे अंडे. अशा ओळीने केलेल्या थोड्याच कप्प्यांत तिचा सारा संसार असतो. मधमाशीची राणी दिवसाला शेकडो अंडी घालते; भुंग्याच्या मादीची पिले बोटांवर मोजण्याइतकी. यामुळे एका गावातील वासे जाळले तर तेथील भुंग्यांची संख्या पूर्ववत होण्यास फार काळ लागतो.

तोंडासमोर येऊन घोंगावण्याची सवय नराची आहे. तो आपल्या हद्दीत माद्यांची वाट पाहत फिरत असतो व जे काही हलेल त्याची चौकशी करतो, मग तो दुसरा नर असो, पाखरू असो की शाकारणी करणारा माणूस असो. कीटकांतील नांगी हे मूळचे अंडी घालण्याचे इंद्रिय असून त्याचेच पुढे शस्त्र झाले आहे. म्हणून भुंगा, मधमाशी किंवा गांधील यांपैकी कोणत्याही जातीचा नर दंश करू शकत नाही. मादीला नांगी असते व तिचा दंश चांगलाच झोंबतो, पण तिला मुठीत धरल्याशिवाय किंवा कपड्यात चेपल्याशिवाय ती सहसा दंश करीत नाही. घराचे रक्षण करण्यासाठी तिच्याजवळ फौज नाही.

मावळच्या शेतकऱ्याला भुंग्याची महती सहज पटत नाही, त्यालाही कारण आहे. येथील मुख्य पीक भात. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून 1987 साली प्रसारित झालेला इंद्रायणी असो की जुना आंबेमोहोर, भाताला फळधारणेसाठी कोणत्याही माशीची गरज लागत नाही. परंतु बांधावरची तूर, परसातली वांगी, टोमॅटो, भोपळा, कारली यांची गोष्ट निराळी. वांग्याच्या व टोमॅटोच्या फुलात पराग उघडा नसतो. तो बंद नळीसारख्या परागकोशात असतो व नळीच्या टोकाच्या छिद्रातूनच बाहेर पडतो, मिठाच्या डबीतून मीठ पडावे तसा. फूल हलल्यावाचून तो मोकळा होत नाही. वारा हे काम थोडेफार करतो. भुंगा मात्र फुलाला घट्ट धरून पंख न फडफडविता छातीचे स्नायू थरथरवितो. फुलावर बसल्या बसल्या त्याचा जो चढा ‘झुंऽ’ असा आवाज ऐकू येतो तो याच कामाचा. त्या थरकापाने परागाचा फवारा त्याच्या पोटावर पडतो. मधमाशीला ही युक्ती येत नाही. पेटीतील मधमाश्या कितीही ठेवल्या तरी वांग्याच्या फुलाचे हे काम भुंगा आणि मातीच्या भिंतीत राहणारी निळ्या पट्ट्यांची लहान माशी यांच्याकडेच राहते. वेलीवर येणाऱ्या पॅशनफ्रूटचे फूल तर एवढे मोठे असते की लहान माशी परागाला न लागताच मध घेऊन जाते. तेथे भुंग्यासारख्या भारदस्त अंगाचाच उपयोग होतो.

मावळच्या उत्तरेस असलेल्या भीमाशंकरच्या अरण्यात भुंग्याविषयी एक आश्चर्यकारक गोष्ट उजेडात आली. वारस या वृक्षाची फुले रात्री उमलतात व त्यांचे परागसिंचन भुंगा करतो, असे तेथील अभ्यासातून 2001 साली प्रसिद्ध झाले. पुढे हेमा सोमनाथन व रेनी बोर्जेस या संशोधिकांनी स्वीडनमधील सहकाऱ्यांसह केलेल्या कामात (2008) असे आढळले की तेथील भुंग्याची एक जात चंद्र नसलेल्या रात्रीही, केवळ ताऱ्यांच्या उजेडात, उडते व फुले शोधते. रात्री दिव्याजवळ घोंगावत आलेला भुंगा पाहून त्याला अशुभ समजणाऱ्यांनी हे जाणून घ्यावे.

वाशांची काळजी करणे मात्र गैर नाही. एकच वासा वर्षानुवर्षे कोरला गेला तर तो कमकुवत होतो. उपाय सोपा आहे. लाकडाला रंग किंवा काजूच्या टरफलांचे तेल दिले म्हणजे मादी नवे भोक पाडण्याचे टाळते. जुनी रिकामी भोके लाकडी खुंटी व चिखलाने बुजवावीत, पण आतील पिले बाहेर पडल्याची खात्री झाल्यावर.

गांधील

गांधिलीची ओळख तिच्या कमरेवरून करावी. छाती व पोट यांना जोडणारी तिची कंबर दोऱ्यासारखी बारीक असते, अंग गुळगुळीत असते, पाय लांब असून अनेक जातींत उडताना ते खाली लोंबतात. मधमाशी व भुंगा यांच्या अंगावर केस असतात आणि त्यांच्या पायांना परागाचे पिवळे गोळे किंवा पूड लागलेली दिसते. गांधील पिलांसाठी पराग गोळा करीत नाही, कारण तिची पिले मांसाहारी आहेत. फुलावर ती बसते ती स्वतःपुरता मध पिण्यासाठी किंवा अळी शोधण्यासाठी.

वळचणीला, खिडकीच्या चौकटीला, करवंदीच्या जाळीत बारीक देठाने टांगलेले, आवरण नसलेले, राखी रंगाचे उघड्या कप्प्यांचे पोळे असते ते लहान गांधिलीचे. लाकडाचा तंतू चावून त्याच्या लगद्याचे ते केलेले असते. कागद करण्याची ही कृती माणसाच्या कितीतरी आधीची आहे. या गांधिली पोळ्याला धक्का लागला तरच उठतात. वाटेत नसेल तर असे पोळे राहू द्यावे. पिलांना खाऊ घालण्यासाठी त्या दिवसभर पिकांवरील अळ्या उचलून नेत असतात आणि त्याबद्दल शेतकऱ्याला काही द्यावे लागत नाही.

मोठी गांधील वेगळी. तिचे अंग काळपट तपकिरी असून पोटावर रुंद नारिंगी पिवळा पट्टा असतो. तो लांबूनही ओळखू येतो. झाडाच्या ढोलीत, बांधाच्या पोकळीत, क्वचित माळ्यावर ती कागदी पोळे करते. तिचे मुख्य भक्ष्य लहान गांधिलींची पिले होत. त्यांच्या पोळ्यावर ती एकटी चालून जाते आणि सारे पोळे रिकामे करते. सातेरी मधमाश्यांच्या पेटीच्या दारातही ती दबा धरते. तेथे मात्र तिला कधी कधी भारी पडते. सातेरीच्या माश्या शेकडोंनी तिच्यावर तुटून पडून तिच्याभोवती चेंडू करतात आणि अंगाच्या उष्णतेने, सुमारे 46 अंश सेल्सियसपर्यंत तापवून, तिला मारतात. पेटी पाळणाऱ्याने तरीही दार अरुंद ठेवावे व सकाळ-संध्याकाळ एक फेरी मारावी.

मोठ्या गांधिलीचे पोळे शाळेच्या, पाणवठ्याच्या किंवा घराच्या अगदी लगत असेल तर ते काढावेच लागते. हे काम अनुभवी माणसाने पूर्ण पोशाख घालून रात्री करावयाचे आहे. दगड मारून किंवा पेटता बोळा लावून दिवसा करावयाचे हे काम नव्हे. एकच गांधील अनेकदा दंश करू शकते, कारण तिची नांगी गुळगुळीत असून ती जखमेत अडकत नाही.

भिंतीवर ओल्या मातीचे ढेकूळ थापणारी कुंभारीण सर्वांच्या ओळखीची आहे. कंबर गांधिलीहूनही बारीक असली तरी ती एकटी राहते व माणसाच्या वाटेला जात नाही. तिच्या मातीच्या कोठ्या फोडून पाहिल्या तर आत निपचित पडलेले कोळी सापडतात. लहान मडक्याच्या आकाराच्या कोठ्या करणारी तिची बहीण असेल तर अळ्या सापडतात. पिलांसाठी ठेवलेली ती शिदोरी असते. भाताच्या खोडकिड्यावर शेतात लावतात त्या ट्रायकोकार्डातील डोळ्यांना जेमतेम दिसणारा कीटकही याच मोठ्या कुळातला आहे. ट्रायकोकार्ड आणून बांधावर लावणारा शेतकरी घरी येऊन कुंभारिणीची कोठी फोडतो, यातील विसंगती त्याच्या ध्यानात आणून द्यावी.

गुलाबाच्या पानांच्या कडेला कातरीने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसतात. तळेगाव परिसरात फुलशेती करणाऱ्यांनी हे अळीचे काम समजून फवारणी करू नये. पाने कापून त्यांचे घर करणारी ती एक केसाळ माशी आहे. ती पान खात नाही, आणि तुरीच्या फुलांवरची ती फार कष्टाळू मजूर आहे.

मोहोळे

मावळात मधमाशीचे चार प्रकार ध्यानात ठेवावेत. पोया ही डासाएवढी काळी माशी भिंतीच्या फटीत राहते; तिला दंश करता येत नाही. फुलोरीचे तळहाताएवढे एकच पोळे झुडपात असते; ती सौम्य आहे. सातेरी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, अंधाऱ्या जागी एकाशेजारी एक अशी अनेक पोळी करते. हीच पेटीत पाळता येते. महाबळेश्वर येथे 1946 पासून चाललेल्या मधोद्योगाच्या कामाचा पाया तीच होय. मधमाशीपालनाच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी पुण्यात 1962 साली केंद्रीय संस्था स्थापन झाली.

चौथी आग्या. ही सर्वांत मोठी मधमाशी उघड्यावर, कड्याच्या कपारीखाली, उंच झाडाच्या फांदीला किंवा पाण्याच्या टाकीला एकच मोठे पोळे करते. ते हातभर किंवा त्याहून रुंद असते व माश्यांच्या थराने झाकलेले दिसते. या थरावरून एखादी लाट पसरावी तशी हालचाल अधूनमधून होते. ती गांधिलीसारख्या शत्रूला दिलेली ताकीद असते. ही लाट पाहणारा माणूस फार जवळ आला आहे असे समजावे. पावसाळा संपून फुलोरा आला की आग्या येतात व जोराच्या पावसापूर्वी स्थलांतर करतात. म्हणजे सहलींचा, जत्रांचा व लग्नांचा जो काळ तोच त्यांचा मुक्काम. फटाके, धूर आणि दगड ही त्यांना चिडविणारी मुख्य कारणे होत.

आग्या माशीने दंश केला की नांगीबरोबर एक वास हवेत सुटतो. पिकलेल्या केळ्यासारखा तो असतो. त्या वासाच्या रोखाने इतर माश्या येतात. एकदा दंश झालेल्या जागी थांबणे म्हणूनच घातक आहे. हात झाडू नयेत, माशी चिरडू नये, उपरण्याने किंवा घोंगडीने डोके व तोंड झाकून सरळ पळत सुटावे आणि दार लागेल अशा घरात किंवा वाहनात शिरावे. पाण्यात उडी मारू नये. माश्या वर घिरट्या घालीत राहतात आणि श्वास घेण्यास डोके वर काढावेच लागते.

दंश झाल्यास

मधमाशीची नांगी काटेरी असते. ती विषाच्या पिशवीसह कातडीत राहते व माशी उडून गेल्यावरही विष सोडीत राहते. बहुतेक विष पहिल्या अर्ध्या मिनिटात अंगात जाते. नांगी नखाने खरवडून काढावी, चिमटीत धरू नये, असे पूर्वी आवर्जून सांगितले जाई. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की काढण्याच्या पद्धतीने फरक पडत नाही, विलंबाने पडतो. म्हणून हाताला येईल तशी ती तत्काळ काढावी. दंशाची जागा नांगी सापडते का म्हणून पाहिली तर कीटकाची ओळखही पटते; नांगी राहिली असेल तर ती मधमाशी, नसेल तर बहुधा गांधील. लोखंड घासणे, चुना किंवा तंबाखू लावणे यांत वेळ घालवू नये. जागा साबणाने धुवावी, गार पाण्याची घडी ठेवावी, बोटातील अंगठी व हातातील बांगड्या सूज येण्यापूर्वी उतरवाव्यात.

एका दंशाने बहुतेकांना तास-दोन तास वेदना व एक-दोन दिवस सूज एवढेच होते. परंतु काही माणसांना एकच दंश प्राणघातक ठरतो. दंशाच्या जागेपासून दूर अंगभर गांधी उठणे, ओठ, जीभ किंवा डोळे सुजणे, श्वास लागणे, आवाज बसणे, उलटी, घेरी यांपैकी काही दिसले तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णाला दवाखान्यात न्यावे. यावर ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच उपचार आहे. गोळी देऊन वाट पाहत बसणे नव्हे. राज्यात 2014 पासून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. रुग्णाला उताणे निजवून पाय उंच करावेत. दम लागत असेल तर बसते ठेवावे. पूर्वी ज्याला असा त्रास झाला आहे त्याने आग्या असलेल्या कड्याखाली जाऊच नये.

अनेक दंश झालेल्या माणसाला, विशेषतः लहान मुलाला, बरे वाटत असले तरी डॉक्टरांना दाखवावे. फार विष अंगात गेल्यास मूत्रपिंडाला इजा होऊ शकते व ती एक-दोन दिवसांनी उघड होते. लघवी काळपट किंवा कमी होणे ही तिची खूण आहे.

कार्यकर्त्यांनी पावसाळा संपताच गावच्या शिवारातील आग्या मोहोळांच्या जागा पाहून ठेवाव्यात आणि जत्रेच्या व लग्नाच्या आधी फटाके, चुली व वाहनतळ त्या जागांपासून दूर राहतील अशी व्यवस्था पंचायतीमार्फत करवून घ्यावी. शाकारणीत भुंग्याचा जुना वासा बदलावाच लागला तर तो लगेच चुलीत घालू नये. परसाच्या कुंपणाला, पावसाचे पाणी लागणार नाही अशा सावलीच्या जागी तो आडवा बांधावा आणि भोकाचे तोंड मोकळे ठेवावे. काही आठवड्यांत आतील पिले बाहेर पडतात. शेजारी टोके उघडी ठेवून वाळलेल्या बांबूचे चार-पाच तुकडे टांगले, तर पुढच्या माद्या वाशांऐवजी तेथे घर करण्याचा संभव असतो. मग वांग्याचा वाफाही तेथून दूर नको.